मांडव मुलाच्या दारी

ख्रिस्ताला वर आणि मंडळीला वधू म्हणण्याची रीत किती जुनी आहे, हे या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. होशेयपासून प्रकटीकरणातल्या कोकऱ्याच्या मेजवानीपर्यंत ती सलग चालत आली. क्लेअरवोच्या बर्नार्डने बाराव्या शतकात गीतरत्नावर 86 प्रवचनं रचली, तरी गीतरत्नाचा तिसरा अध्यायही संपला नाही. त्या प्रवचनांत भक्तीचा महापूर आहे, पण लग्नघर दिसत नाही. युरोपातला पुढचा पसाराही बहुतेक तसाच, म्हणून मी तो ओलांडून पुढे जातो.

मराठीत हा धागा फादर स्टीफन्सच्या 1616 च्या ख्रिस्तपुराणापासून दिसतो. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेलं बायबल त्यांच्या पश्चात 1924 मध्ये छापून आलं, आणि फादर दिब्रिटोंच्या सुबोध बायबलने पवित्र शास्त्र सामान्य मराठी वाचकाच्या घरात नेलं. ना. वा. टिळकांना नवा करार मिळाला तो 1893 मध्ये, नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत. म्हणजे मराठी ख्रिस्ती काव्याची एक वाट आमच्या विदर्भातूनच फुटली. टिळकांच्या भजनांत विरहिणीची आर्तता संतांकडून आली, हे समीक्षकांनी भरपूर लिहिलं आहे. पण ज्या यहुदी लग्नाच्या आधाराने येशू बोलला, ते लग्न आपण मराठी माणसांनी नीट पाहिलं का?

पाहायला फार लांब जायला नको होतं. कोकणातले आणि मुंबईतले बेने इस्राएल यहुदी आपल्याच भाषेत बोलतात. त्यांची हग्गादा, म्हणजे वल्हांडणाची पोथी, हिब्रू आणि मराठीत 1874 मध्ये पुण्यात छापली गेली. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1897 मध्ये लिहिलेल्या समाजाच्या इतिहासात त्यांचे रीतिरिवाज तपशिलाने नोंदवले आहेत. लग्नाआधी मेंदी, एलिया संदेष्ट्याच्या नावाने भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचा मलिदा. सिनेगॉगमध्ये वधू आत येते तेव्हा वर तिच्याकडे पाहत हिब्रू गीत म्हणतो. आशीर्वादाच्या प्याल्यात द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून घेतलेलं सरबत असतं. काना गावच्या लग्नावर प्रवचन करणाऱ्या प्रत्येकाने तो प्याला एकदा जवळून पाहायला हवा. करार वाचला जातो, प्याला फिरतो, मग मंडळी जेवायला बसते. प्रभुभोजनाची घडणही अशीच आहे.

आता आमच्या मुलखाकडे. चांद्याला स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीचं मिशन एकोणिसाव्या शतकात आलं, सिरोंच्याला मेथडिस्ट पोचले. 1962 मध्ये केरळच्या सीरो-मलबार चर्चने चांद्याला आपलं कार्यक्षेत्र उघडलं, 1977 मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला आणि बल्लारपूरला त्याचं कॅथेड्रल आहे. यहुदी विवाहकरार अरामी भाषेत लिहिला जातो आणि सीरो-मलबार उपासनेची मूळ सुरियानी ही त्याच अरामीची शाखा. सीरो-मलबार लग्नात वधूला दिलेल्या वस्त्राचेच धागे काढून मिन्नूचा, म्हणजे त्यांच्या मंगळसूत्राचा, दोरा वळतात. ही चुलत नाती आमच्या जिल्ह्यात साठ वर्षं नांदताहेत, आणि आमच्या प्रवचनांत त्यांचा मागमूस नाही.

माझा जुना आग्रह मात्र याच्याही पलीकडचा आहे. येशूच्या दाखल्यांतलं लग्न समजून घ्यायचं असेल तर एटापल्ली-धानोऱ्याकडच्या गोंड आणि माडिया घरांत बसा. आपल्या इतर मराठी समाजात लग्न बहुधा मुलीच्या दारी लागतं. गोंडांच्या जुन्या रीतीत मांडव पडतो मुलाच्या दारी, वधूला वाजतगाजत तिकडे नेतात आणि जेवणावळ वराच्या घरी होते. पित्याच्या घरात जागा तयार करायला जातो आणि परत येऊन तुम्हांला नेतो, हे योहानाच्या चौदाव्या अध्यायातलं आश्वासन शहरातल्या प्रवचनकाराला दहा वाक्यांत उलगडावं लागतं. आमच्या गोंड श्रोत्याला ते ऐकताक्षणी कळतं.

मोलाचंही तसंच. यहुदी वर मोहर, म्हणजे वधूमूल्य, देई. पुढे शिमोन बेन शेताहच्या काळात ती रक्कम कराराने वराच्या मालमत्तेवर बांधली गेली: कुमारिकेला 200 झूझ, विधवेला 100. वराने सोडलं किंवा तो मेला तर ती स्त्रीच्या हाती यायची. गोंड घरांतही देणं वराकडून वधूच्या घरी जातं. ज्या घरातली मुलगी मोह वेचते, तेंदूची पानं तोडते, धानाची रोवणी करते, त्या घराचे दोन राबते हात कमी होतात, त्याची ही कदर आहे. आणि देणं नसेल तर लमसेना: मुलगा सासऱ्याच्या शेतात वर्षानुवर्षं राबून मुलगी मिळवतो. याकोबाने राहेलीसाठी लाबानाकडे दोनदा सात वर्षं काढली, ती हीच गोष्ट. आपण मोल देऊन विकत घेतलेले आहोत, हे पौलाचं म्हणणं जिथे वर मोजतो तिथेच धड कळतं. हुंड्याच्या समाजात ते उलटंच ऐकू येतं.

या विषयावर बोलणाऱ्या दोन गटांशी माझं जुनं भांडण आहे. पहिला गट मोबाइलवर फिरणाऱ्या 'गालीलच्या लग्ना'वर पोसलेला. लग्नाचा दिवस फक्त वराच्या बापाला ठाऊक असे, वधू वर्षभर अंधारात असे, असं ते छातीठोकपणे सांगतात. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना, म्हणजे यहुदी नियमसंहिता, वेगळंच सांगते: वराने मागणं घातल्यापासून कुमारिकेला तयारीसाठी बारा महिने, विधवेला तीस दिवस. मुदत ठरलेली होती. दहा कुमारींना रात्र माहीत होती, घटका माहीत नव्हती. दिवस पित्यालाच ठाऊक, ही येशूची शिकवण स्वतःच्या बळावर उभी आहे. तिला रचलेल्या रिवाजाचा टेकू कशाला? यहुदी लग्नातला चार खांबांचा मंडपही मध्ययुगातला, त्यात क्रूस शोधू नये.

रात्र ठाऊक पण घटका नाही, हे मी स्वतः अनुभवलं आहे. माझ्या तरुणपणी भामरागडच्या वाटेवरच्या एका पाड्यात आम्ही वऱ्हाडाची वाट पाहत बसलो होतो. दिवस ठरलेला, गाव जागं, पण वऱ्हाड नदी उतरून पायी येणार, कधी पोचेल कोण सांगणार? बाया टोळीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाचे दिवे लावून बसल्या. मोहाची टोळी पावसाआधी वेचायची, वाळवायची, फोडायची, मग पिळायची, तेव्हा कुठे भांडंभर तेल. मध्यरात्री कुणी उसनं मागितलं तर कुठून द्यावं? शहाण्या कुमारींना स्वार्थी ठरवणाऱ्यांचं तोंड त्या रात्रीने बंद केलं असतं.

दुसरा गट आमच्याच मंडळीतला. आदिवासी रीत म्हणजे अंधश्रद्धा, ती चर्चच्या उंबऱ्याबाहेर ठेवा, असं तो पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आला. शकुन-अपशकुन बाहेर ठेवा, ठीक. पण वराने देण्याची रीत टाकून आमच्या ख्रिस्ती घरांनी काय उचललं? हुंडा! आता साक्षगंधाला मोटारसायकलची बोली होते, आलापल्लीपर्यंत डीजे पोचला आहे, आणि वेदीपुढच्या उपदेशात संसाराच्या चार सूचना असतात. ज्या मंडळीत वधूच्या बापाकडून पैसा मागितला जातो, तिने वधूसाठी स्वतःला देणाऱ्या वराचं चित्र कोणत्या तोंडाने रंगवावं?

म्हणून मागणं साधं आहे. साक्षगंधाच्या दिवशीच मत्तयाचा पंचविसावा अध्याय वाचा आणि दोन्ही घरांकडून हुंडा नाकारल्याचं मंडळीसमोर वदवून घ्या. धर्मशिक्षणाच्या वर्गात बेने इस्राएलांचं लग्न आणि गोंडांचं लग्न शेजारी ठेवून शिकवा. लमसेनाची, मुलाच्या दारच्या मांडवाची आठवण असलेली म्हातारी माणसं कोरची-एटापल्लीत अजून आहेत; त्यांच्याकडून ती लिहून घ्या, येत्या उन्हाळ्यातच. हे काम चर्चचं आहे, आणि ते करायला एक वही आणि ऐकायची तयारी पुरे.