दाढेतील न दिसणारी नलिका

दाढेच्या कठीण कवचाआड पल्प नावाचे मऊ ऊतक असते. त्यात रक्तवाहिन्या आणि चेतातंतू असतात, आणि दाढेच्या मधल्या पोकळीतून निघून ते ज्या अरुंद मार्गांनी मुळांच्या टोकांपर्यंत जाते, त्या मार्गांना मूळनलिका म्हणतात. कीड पल्पपर्यंत पोचल्यावर या नलिका साफ करून, निर्जंतुक करून गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने भरून टाकणे, म्हणजेच रोजच्या बोलण्यातील ‘रूट कॅनाल’. एखादी नलिका सापडलीच नाही, तर तिच्यातील जिवाणू तसेच राहतात. म्हणून दाढेत नलिका किती आणि कोठे आहेत, हे कळणे उपचाराच्या मुळाशी आहे.

ढोबळ हिशेब असा की वरच्या पहिल्या दाढेला तीन मुळे आणि तीन किंवा चार नलिका असतात, तर खालच्या पहिल्या दाढेला दोन मुळे आणि तीन नलिका. हा हिशेब किती ढोबळ आहे, हे झुरिचच्या वॉल्टर हेस यांनी १९१७ मध्येच दाखवले होते. काढलेल्या दातांच्या पोकळीत रबर भरून ते उष्णतेने कडक करायचे आणि भोवतालचा दात विरघळवून टाकायचा, अशा रीतीने त्यांनी नलिकांचे हुबेहूब साचे मिळवले, आणि त्या साच्यांत सरळ नळ्यांऐवजी फाटे, जोडपट्ट्या आणि जाळ्या दिसल्या. पुढे १९८४ मध्ये अमेरिकेतील फ्रँक व्हर्टुची यांनी २,४०० दात रंग भरून पारदर्शक केले आणि एकाच मुळातील नलिका कशा दुभंगतात व पुन्हा कशा मिळतात, यावरून त्यांचे आठ प्रकार ठरवले. हे वर्गीकरण आजही वापरात आहे.

संशोधकांचा सर्वाधिक घाम मात्र वरच्या दाढेच्या पुढील बाजूच्या, गालाकडील मुळाने काढला आहे, कारण त्यात अनेकदा दुसरी, अतिशय बारीक नलिका दडलेली असते. कुलिल्ड आणि पीटर्स यांनी १९९० मध्ये वरच्या पहिल्या व दुसऱ्या मिळून ८३ दाढा तपासल्या, तेव्हा साध्या हत्यारांनी ही नलिका ५४.२ टक्के दाढांत सापडली, बारीक ड्रिलने तळ कोरल्यावर आणखी ३१.३ टक्क्यांत आणि मुळाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर आणखी ९.६ टक्क्यांत. दाढा त्याच होत्या, केवळ शोधण्याची रीत बदलली. तेव्हा एका देशातील लोकांत अमुक टक्के आणि दुसऱ्या देशात तमुक टक्के, अशी तुलना वाचताना ते आकडे कोणत्या साधनाने मिळाले, हे आधी पाहिले पाहिजे, आणि नेमके हेच अनेकदा पाहिले जात नाही.

दवाखान्यातील नेहमीचा क्ष-किरण फोटो येथे अपुरा पडतो, कारण किरण गालाकडून जिभेकडे जातात आणि त्या दिशेने एकामागे एक असलेल्या नलिका फोटोत एकावर एक येतात. नळीचा कोन थोडा बदलून दुसरा फोटो घेतल्यास त्या काही प्रमाणात वेगळ्या होतात, पण वरच्या दाढांवर पडणारी गालाच्या हाडाची सावली तरीही अडचण करतेच. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इटली आणि जपानमध्ये पुढे आलेल्या कोन-बीम सीटी या तंत्रात किरणांचा शंकूसारखा झोत डोक्याभोवती फिरतो आणि संगणक त्यातून त्रिमितीय प्रतिमा रचतो, जिचे कोणत्याही पातळीवर आडवे काप पाहता येतात. या प्रतिमेच्या सर्वांत लहान घनाकार घटकाला व्हॉक्सेल म्हणतात. तो साधारणतः ०.०७५ ते ०.४ मिलिमीटरचा असतो आणि त्याहून बारीक नलिका सहज निसटते. सूक्ष्म सीटी याहून कितीतरी तपशील दाखवते, पण तिचा किरणोत्सर्ग व लागणारा वेळ पाहता ती काढलेल्या दातांपुरतीच उरते. जिवंत माणसाच्या तोंडातील दाढ काढल्याविना अभ्यासता येणे, हीच कोन-बीम सीटीची खरी देणगी आहे.

लोकसमूहांमध्ये खरेखुरे फरकही आहेत. खालच्या दुसऱ्या दाढेच्या नलिका कधी इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या एकाच वक्र फटीत मिसळलेल्या असतात. मुळाला आकार देणारे हर्टविग यांच्या नावाचे आवरण एका बाजूस नीट न जुळल्याने असे होते, आणि चीन व कोरियातील लोकांत ही रचना भारतीयांपेक्षा बरीच जास्त आढळते. खालच्या पहिल्या दाढेला जिभेच्या बाजूस फुटणारे जादा मूळही पूर्व आशियातच अधिक दिसते.

या अभ्यासांचा रुग्णाशी थेट संबंध आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रूट कॅनाल झालेल्या १,३९७ उपदाढा व दाढांचे कोन-बीम सीटी तपासले असता सुमारे २३ टक्क्यांत नलिका सुटलेली आढळली आणि अशा दातांच्या मुळाशी हाडाची झीज असण्याची शक्यता चौपटीहून अधिक निघाली. तरीही प्रत्येक रुग्णाचा स्कॅन काढणे योग्य ठरत नाही, कारण त्याची किरणमात्रा साध्या फोटोपेक्षा जास्त असते आणि धातूची टोपी किंवा आधीचे भरण असल्यास प्रतिमेत खोटे पट्टे उमटतात. जादा नलिकेचा संशय असेल, रचना गुंतागुंतीची वाटत असेल किंवा आधीचा उपचार फसला असेल, तर लहान क्षेत्रापुरता स्कॅन काढावा, अशी अमेरिकेतील दंतमूळतज्ज्ञांच्या व दंतप्रतिमातज्ज्ञांच्या संघटनांची २०१५ ची संयुक्त भूमिका आहे. तेव्हा रूट कॅनाल झालेली दाढ पुन्हा दुखू लागली, तर ती उपटून टाकण्यास होकार देण्याआधी एखादी नलिका सुटली आहे का, हे दंतवैद्यांना अवश्य विचारावे.