पहिला परदेश दौरा : अ‍ॅबस्ट्रॅक्ट स्वीकारला गेला, आता पुढे काय?

परदेशातल्या कॉन्फरन्सला अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवला आणि तो स्वीकारला गेला, की पहिले दोन दिवस हवेतच जातात. जेऊरसारख्या गावातून आलेल्या, घरात कुणाकडेही पासपोर्ट नसलेल्या विद्यार्थ्यासाठी तर ही गावभर सांगण्यासारखी गोष्ट. आनंद जरूर घ्या, पण तिसऱ्या दिवशी कॅलेंडर उघडा. कारण हा दौरा बहुतेक वेळा हुकतो तो संशोधनामुळे नाही, तारखांमुळे.

आधी नाव, मग पासपोर्ट. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो. आयोजकांचं निमंत्रणपत्र, विमा आणि तिकीट या तिन्हींवर नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. पीएचडीला प्रवेश मिळाला की लगेच पासपोर्ट काढून ठेवा. तो १० वर्षं चालतो.

व्हिसाचं गणित उलटं मांडा. समजा, जर्मनीला १५ सप्टेंबरला निघायचंय. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो, म्हणजे १५ मार्चपासून. निदान १५ दिवस आधी तरी तो द्यावाच लागतो, म्हणजे ३१ ऑगस्टपर्यंत. निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, पण जास्त तपासणी लागली तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतो. मग सुरक्षित तारीख १ ऑगस्टच्या आधीची झाली. त्यात उन्हाळ्यात अपॉइंटमेंटची रांग असते. म्हणून अर्ज जूनमध्येच गेलेला बरा.

विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं लागतं. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची मुदत निदान ३ महिने शिल्लक हवी. दोन-तीन देश फिरणार असाल, तर मुख्य मुक्काम ज्या देशात, अर्ज त्याच देशाकडे. आणि निमंत्रणपत्र म्हणजे व्हिसा नव्हे, बरं का! अधिकाऱ्याला पाहायचं असतं की खर्च कोण करणार आणि तुम्ही परत येणार का. म्हणून फेलोशिपचं पत्र, गाइडचं पत्र आणि रजेची मंजुरी हे कागद सगळ्यात महत्त्वाचे.

पैसा. इथे खरी अडचण येते. बरेच प्रवास-अनुदान आधी हातात मिळत नाही. तिकीट, नोंदणी, व्हिसा असा खर्च आधी आपण करायचा आणि परतल्यावर बिलं, बोर्डिंग पास जोडून मागायचा. व्हिसाची ९० युरो फी तर अर्ज नाकारला तरी परत मिळत नाही. त्यामुळे घरी आधीच मोकळेपणाने बोला : किती रक्कम आणि किती महिने अडकणार. एएनआरएफ (पूर्वीची एसईआरबी), सीएसआयआर यांच्या योजनांचे चालू नियम आणि मुदती वाचा. आयोजकांना फी-माफीबद्दल विचारायला लाजू नका. विचारल्याशिवाय ती सहसा मिळत नाही.

जायचं कशासाठी? पोस्टरसमोर कुणी फार वेळ थांबत नाही. दोन मिनिटांत सांगता येईल असं काम तयार ठेवा : प्रश्न काय, केलं काय, मिळालं काय. कार्यक्रमपत्रिका आली की भेटायच्या पाच जणांची नावं काढा, त्यांचा एकेक पेपर वाचा आणि प्रत्येकासाठी एक प्रश्न लिहून ठेवा. शक्य असेल तर जवळच्या एखाद्या प्रयोगशाळेला भेट द्यायची परवानगी महिनाभर आधी मागा. पोस्ट-डॉकची दारं अनेकदा अशा भेटीतून उघडतात.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण द्यायचं तर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं. सोलापुरात जन्मलेला हा तरुण डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला, तिथली भाषा शिकला आणि त्या भाषेत काम करू लागला. आपला दौरा आठवड्याचा असेल, पण अनोळखी देशात उपयोगी पडायचं तर आधी तिथलं ऐकून, शिकून घ्यावं लागतं. नमस्कार, धन्यवाद, माफ करा एवढे शब्द तरी तिथल्या भाषेत पाठ करून जा.

आता कागद घ्या आणि निघायच्या तारखेपासून मागे मोजत या. पुढच्या वर्षीच्या कॉन्फरन्सच्या मुदती बहुधा याच महिन्यांत असतील.