दोन कोसांचे अंतर

शनिवार, १० जानेवारी १७३० रोजी ज्या वास्तूचा पाया घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी, तोही शनिवारच, जिची वास्तुशांत झाली, त्या पुण्याच्या शनिवारवाड्यात, म्हणजे पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या वाड्यात, राज्यकर्त्याचे बिऱ्हाड आणि राज्याचा कारभार यांत भिंत अशी फारशी नव्हती. पाच दरवाजे, नऊ बुरूज, उत्तरेकडे तोंड केलेल्या दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीची धडक परतविणारे पोलादी सुळे, असा सारा किल्ल्याचा थाट असूनही आत मात्र एका चौकात मुदपाकखान्याची लगबग, तर पलीकडे फडणीस-चिटणिसांचा फड चाले; आणि नगारखान्यावरची नौबत झडली की पेठेतल्या सोनारालाही सरकारची वेळ कळे. वाड्याच्या या शेजारधर्मात सुख होते तसा धोकाही होता, याची साक्ष ३० ऑगस्ट १७७३ रोजी वाड्यातच झालेल्या नारायणराव पेशव्यांच्या खुनाने दिली. पण राज्य गावात राहते, ही गोष्ट त्यानंतरही कोणाला खटकली नाही.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी इंग्रजांविरुद्धच्या खडकीच्या लढाईसाठी पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या फौजा गणेशखिंडीच्या बाजूने उतरल्या, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. नव्या धन्यांच्या गव्हर्नरांनी त्या वाड्यात संसार मांडला नाही. पुढे १८२८ च्या आगीत लाकडी महाल जळून गेले आणि उरला तो कोट, म्हणजे आज आपण ज्याला शनिवारवाडा म्हणतो तो. मुंबईच्या गव्हर्नरांनी पुण्यासाठी घर धुंडाळले ते गावाबाहेर, मुळेकाठच्या दापोडीस. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी कवायती पलटण चालविणाऱ्या कॅप्टन फोर्ड याने बांधलेला तेथील बंगला सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत सरकारने विकत घेतला. शेजारी वनस्पतिशास्त्राची बागही झाली. एकूण ते स्थान गव्हर्नराचे आजोळ शोभावे असे होते, राजवाडा नव्हे.

राजवाड्याची हौस पुढे कापसाने पुरविली. अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१-६५) तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर लोटला, आणि त्या पुराच्या भरात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी १८६४ मध्ये गणेशखिंडीतील गव्हर्नमेंट हाउसचे काम सुरू केले. पूर लवकरच ओसरला. १८६५ मध्ये सट्ट्याचा फुगा फुटून मुंबईतील मातबर पेढ्या बसल्या, परंतु चालू झालेले बांधकाम थांबणे सरकारी हिशेबात बसत नसावे. इमारत पुरी झाली ती १८७१ मध्ये, सर सिमोर फिट्झजेराल्ड यांच्या अमदानीत, आणि तोवर खर्चाचा आकडा पावणेदोन लक्ष पौंडांवर गेला होता. पहिल्या बाजीरावांच्या वाड्याचा मूळ खर्च १६,११० रुपये सांगतात. तुलना तोलाची नव्हे, कारण मधे सव्वाशेहून अधिक वर्षे आहेत आणि वाड्यावर पुढच्या पेशव्यांनीही पुष्कळ ओतले. तरी ते दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहण्याचा मोह मला आवरत नाही. या उधळपट्टीवर विलायतेच्या पार्लमेंटातही ताशेरे झडले.

जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाने जे उभे केले ते पाहण्याजोगे आहे, हे मात्र कबूल करावे लागते. इटालियन घाटणीची ती लांबलचक दगडी इमारत, कमानींच्या ओळी, आणि सर्वांवर मान उंच करून उभा असलेला निशाणाचा चौकोनी मनोरा. आइल ऑफ वाइटवरील राणीच्या ऑस्बोर्न महालाची छाप तिच्यावर आहे, असे जाणकार म्हणतात. श्रावणसरीत भिजून दगड काळाभोर झाला की कमानींच्या कडा अधिकच रेखीव दिसू लागतात; आणि ही इमारत मुळी पावसाळ्यासाठीच होती. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे, अशी सरकारची तीन ठिकाणची वस्ती, त्यामुळे जून उजाडला की साहेबांसह दफ्तरे, कारकून आणि पट्टेवाले पुण्यास येत. जेवणाच्या दालनापर्यंत ताटे नेणारे खानसामे पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून भुयार खोदलेले होते, असे सांगतात. शनिवारवाड्यात फौजेला अडविण्यासाठी सुळे होते. येथे नोकर झाकण्यासाठी भुयार.

गावापासून दोन कोस दूर राहण्याची किंमत असते, आणि ती रस्त्यावर मोजावी लागते. १८९७ च्या प्लेगात घरोघरच्या झडत्यांनी पुणे होरपळले असताना, २२ जूनच्या रात्री याच महालात राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव झाला. मेजवानी आटोपून बग्ग्या गणेशखिंडीच्या रस्त्याने परतू लागल्या तेव्हा अंधारात 'गोंद्या आला रे' ही खुणेची हाक उठली; चापेकर बंधूंच्या गोळ्यांनी लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला आणि प्लेग कमिटीचा रँड ३ जुलैला मरण पावला. महालाच्या आत काही विपरीत घडले नव्हते. जे घडले ते महाल आणि गाव यांच्या मधल्या वाटेवर.

स्वराज्यानंतर या वास्तूचे करायचे काय, हा प्रश्न पुण्यापुरता तरी चटकन सुटला. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले, डॉ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. भांडारकर संस्थेच्या निजाम गेस्ट हाउसमध्ये थाटलेले बिऱ्हाड उचलून विद्यापीठ त्याच वर्षी १ जूनला, म्हणजे गव्हर्नरांच्या जुन्या मुहूर्तालाच, गणेशखिंडीस आले. २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले, ज्या सावित्रीबाई १८९७ च्याच प्लेगात रोग्यांची सेवा करताना गेल्या.

राज्यपाल आजही पुण्यात आले की लगतच्या राजभवनात उतरतात. ते विद्यापीठाचे कुलपती असतात, म्हणजे या जुन्या घराशी त्यांचा संबंध अगदी तुटलेला नाही. परंतु एखाद्या पावसाळी सकाळी मनोऱ्यासमोरच्या हिरवळीच्या कडेने, छत्री मिटत, प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका जपत कमानीखाली शिरणारी मुले पाहिली, तर त्यांतल्या एकाचीही मान मनोऱ्याकडे वळत नाही. त्यांना खिडकी कितव्या नंबरची, एवढेच हवे असते.