सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही

पादऱ्याहून भाजी भरून पहाटे बडोद्यातल्या सयाजीपुऱ्याच्या मार्केट यार्डात येणारी पिकअप असो, की मकरपुरा जीआयडीसीत दिवसभर माल टाकणारा छोटा हत्ती. जुनी गाडी मालकाचा सर्वांत जास्त जीव खाते ती कधीमधी अडून. चार दिवस एका सेल्फमध्ये सुरू होते, पाचव्या दिवशी माल भरलेला असताना हटून बसते. कायमची बंद पडलेली गाडी एक वेळ परवडते, कारण तिचा दोष समोर असतो. कधीमधी अडणाऱ्या गाडीवर मात्र अंदाजाने पैसा जातो. आधी बॅटरी बदलली जाते, मग सेल्फ, मग पंप उतरवला जातो. जिच्यावर घर चालतं त्या गाडीच्या मालकाला हा खर्च झेपत नाही, आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते.

सगळ्यात पक्का गैरसमज बॅटरीचा. ‘हेडलाईट लख्ख लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी ठणठणीत.’ दोन्ही हेडलाईट मिळून साधारण दहा अँपिअर करंट घेतात. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ दोनशेच्या वर घेतो. दिवे लागले म्हणून बॅटरीची परीक्षा झाली असं होत नाही. रात्रभर उभ्या गाडीत चांगली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. पण खरा आकडा सेल्फ मारतानाचा: त्या काही सेकंदांत व्होल्टेज 9.6 च्या खाली घसरत असेल, तर एकतर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जाम होऊन जास्त करंट ओढतो आहे. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 मिळत नसतील, तर बॅटरी भरतच नाही. तिथे दोषी अल्टरनेटर किंवा त्याचा ढिला पट्टा.

‘थंडीने बॅटरी मारली’ हेही आपण सहज म्हणतो. बडोद्यात बॅटरी मरते ती मे महिन्यात. पारा 42-43 वर गेला, बॉनेटखाली त्याहून तापलं, की प्लेट झपाट्याने झिजतात आणि पाणी उडतं. तिचं दुबळेपण जानेवारीच्या पहाटे उघडं पडतं, इतकंच. म्हणून उन्हाळ्यात दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटर तपासणं हा हिवाळ्याचा खरा बंदोबस्त आहे.

बॅटरी चांगली निघाली आणि तरीही सेल्फ कण्हत फिरत असेल, तर पुढची जागा फार कमी लोक पाहतात. ती म्हणजे अर्थिंग. बॅटरीच्या निगेटिव्हपासून चॅसीला आणि चॅसीपासून इंजिनला गेलेली जाड पट्टी. जुन्या गाडीत तिचा नट गंजलेला असतो, पट्टीखाली रंग किंवा ऑइलमिश्रित धूळ बसलेली असते. मल्टिमीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटीवर ठेवा (क्लॅम्पवर नव्हे, खुंटीवरच), दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. काटा 0.2-0.3 व्होल्टच्या आत राहायला हवा. तीच चाचणी पॉझिटिव्ह खुंटी आणि सेल्फच्या मोठ्या टर्मिनलमध्ये केली, तर अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं. त्याहून जास्त भरलं, तर करंट वाटेतच उष्णता होऊन जातो आहे. दोनशे अँपिअरला एक व्होल्टची गळती म्हणजे दोनशे वॉट उष्णता त्या एका सांध्यात! दोन-तीनदा सेल्फ मारून क्लॅम्पला हात लावा. चटका बसला तर दोष तिथेच. क्लॅम्प काढून आतला काळपट थर खरवडला, पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्याने धुतली, नट आवळला, की कित्येक ‘गेलेले’ सेल्फ जिवंत होतात. हा दोष कधीमधी का दिसतो, तेही समजून घ्या. खड्ड्यात गाडी आदळली की ढिला सांधा कधी बसतो, कधी सुटतो.

आता दुसरी तऱ्हा: सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. इथे बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. सायलेन्सरकडे बघा. सेल्फ मारताना अजिबात धूर नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचतं पण पेटत नाही. म्हणजे उष्णता, कॉम्प्रेशन किंवा टायमिंगचा प्रश्न. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मा गोंधळ मिटतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

धूर नाही, आणि गाडी रात्रभर उभी राहिल्यावरच अडते, एकदा सुरू झाली की दिवसभर कुरकुर नाही, असं असेल तर बहुधा डिझेल लाईन हवा धरते आहे. इथला गैरसमज महागात पडतो: ‘कुठेही डिझेल गळत नाही, म्हणजे लाईन पक्की आहे.’ टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाईन डिझेल ओढून घेते. तिथे बारीक चीर असली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत जाते. जमिनीवर थेंबही दिसत नाही. गाडी उभी राहिली की त्याच चिरेतून हवा शिरते आणि डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं. सकाळी पंपाला डिझेलऐवजी हवा मिळते. टाकी भरलेली असताना त्रास कमी, पाव टाकीवर जास्त. तोंड चढावर करून उभी केली तर जास्त, उतारावर केली तर कमी. मालकाला वाटतं गाडी मनाला येईल तशी वागते, पण ती ठरलेल्या नियमानेच वागत असते.

याची चाचणी सोपी आहे. फिल्टर ते पंप यामध्ये तात्पुरती पारदर्शक नळी टाकायची आणि इंजिन सुरू करायचं. नळीतून बुडबुडे जाताना दिसले की वाद संपला. मग डिझेलचा छोटा कॅन पंपापेक्षा उंच धरून त्यातूनच लाईन द्यायची. बुडबुडे थांबले तर दोष टाकीच्या बाजूला. हँड प्रायमरचा कडक झालेला ओ-रिंग, बँजो बोल्टखालचा दबलेला तांब्याचा वॉशर, रबरी नळीची वाळलेली टोकं, हेच नेहमीचे गुन्हेगार. टाकीच्या झाकणाचं हवा आत येण्याचं भोकही बुजलेलं असू शकतं. झाकण उघडताना ‘स्स’ आवाज आला तर ते साफ करा. पंप उतरवण्याआधी हे सगळं पाहिलंत का, असं मिस्त्रीला विचारायला लाजू नका.

पंप खरोखर झिजलाय की नाही, हेही ओळखता येतं. माल उतरवायला गाडी वीस मिनिटं उभी केली आणि गरम इंजिन सुरूच होईना, थंड झाल्यावर मात्र लगेच लागली, तर जुन्या रोटरी पंपाचा हेड संशयित. तापलेलं डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या भागांतून आतल्या आत निसटतं. ओलं फडकं फक्त पंपावर ठेवून पाच-दहा मिनिटं थांबा. तेवढ्याने गाडी सुरू झाली तर पंपाचं काम निघालंच. गरम ब्लॉकवर मात्र पाणी ओतू नका, तडा जाईल. कॉमन रेलच्या गाडीत ही युक्ती चालत नाही. तिथे क्रँक सेन्सर स्कॅनर लावून पाहावा लागतो, आणि इंजेक्टरची रिटर्न लाईन वेगळी तपासावी लागते.

‘थंडीत डिझेल गोठतं’ हे हिमाचलात खरं, बडोद्यात नाही. भारतीय मानकानुसार हिवाळी डिझेल 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहायला हवं, आणि इथली पहाट त्याखाली सहसा जात नाही. शिवाय थंड इंजिनला सुरू होताना उष्णता देणारा हीटर प्लग प्रत्येक गाडीत नसतोच. कित्येक जुनी डायरेक्ट इंजेक्शन इंजिनं त्याशिवायच बनवलेली आहेत. नसलेला प्लग ‘बदलल्याचं’ बिल कुणी दिलं, तर जुना भाग मागून घ्या.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळलं की गाडी लवकर लागते, हा सल्ला अजूनही यार्डात मिळतो. पंपाला वंगण डिझेलचंच असतं. रॉकेलमध्ये ते कमी, म्हणून पंप अधिक झिजतो आणि उद्याचा त्रास आज विकत घेतला जातो. एअर फिल्टरपाशी पेटतं फडकं धरणं तर जिवाशी खेळ. बारा व्होल्टच्या पिकअपला मोठ्या ट्रकच्या चोवीस व्होल्टवरून जंप देणंही तितकंच चुकीचं. आणि सेल्फ सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावं.

बडोद्याच्या गाड्यांची तपासणी करताना एक प्रश्न वेगळा विचारावा लागतो: ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ही गाडी कुठे उभी होती? पुरातून निघालेली गाडी धुऊन, ऑइल बदलून सुरू होते आणि सगळे निर्धास्त होतात. पण वायरिंगच्या जोडांत, सेल्फच्या ब्रशपाशी, अर्थिंगखाली ओल राहते आणि हिरवा गंज काही महिन्यांनी बोलू लागतो. टाकीच्या तळाशी पाणीही राहिलेलं असू शकतं. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या, पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसेल. सेकंडहँड पिकअप घेणाऱ्यांनी तर हे सौदा पक्का होण्याआधीच करावं.

राहिला शेवटचा अडथळा. गॅरेजात नेली की गाडी हमखास एका सेल्फमध्ये सुरू होते, आणि ‘काही नाही, गाडी चांगली आहे’ असं ऐकून आपण परत येतो. तिथपर्यंत चालत आलेलं इंजिन गरम असतं, लाईन डिझेलने भरलेली असते. दोष दिसणार कसा? केबिनमध्ये एक वही ठेवा. गाडी अडली की लिहा: थंड होती की गरम, किती वेळ उभी होती, टाकीत किती डिझेल होतं, सेल्फ कसा फिरला, धूर कोणता आला. ती वही मिस्त्रीच्या हाती द्या, गाडी संध्याकाळीच त्याच्याकडे तोंड चढावर करून उभी करा आणि सकाळचा पहिला सेल्फ त्यालाच मारू द्या.