तेलाच्या पोटातली आम्ले

मित्रांनो, थंडीत खोबरेल बाटलीत थिजते, करडईचे तेल मात्र पातळच राहते. का बरे? प्रत्येक तेलात निरनिराळी मेदाम्ले असतात. खोबरेलात निम्मे तर लॉरिक आम्लच; ते लवकर गोठते. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल शंभरात सुमारे ७५ भाग, ते सहजी गोठत नाही.

आपले गोडेतेल, म्हणजे शेंगदाण्याचे, महाग. त्यात कोणी स्वस्त पामतेल मिसळले तर आईलासुद्धा वासावरून कळत नाही. प्रयोगशाळेत कळते. तेलाच्या थेंबावर मिथेनॉलची क्रिया करून मेदाम्लांना वाफ होण्याजोगे रूप देतात. ती वाफ वायूबरोबर एका लांबलचक, बारीक नळीतून जाते. लहान रेणू आधी बाहेर पडतात, मोठे मागाहून, आणि यंत्र प्रत्येकाचा उंचवटा काढते. ही रीत इंग्लंडात जेम्स व मार्टिन यांनी १९५२ साली मांडली, तीही मेदाम्लांवरच! गोडेतेलात पामिटिक आम्ल शंभरात दहाच्या आसपास असते, पामतेलात चाळीसच्या वर. तो उंचवटा फार वाढला की समजायचे, काहीतरी गडबड आहे.

पालकांनी पुढचे जरूर वाचावे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचे तेल मिसळलेले होते. लोकांचे पाय सुजले, साठाहून जास्त माणसे दगावली. ते विष मेदाम्ल नव्हे, म्हणून त्याची तपासणी वेगळी करावी लागते. पिवळा धोत्रा आपल्याकडे बांधावरही उगवतो. पाने काटेरी, फूल पिवळे, आणि बी काळे, अगदी मोहरीसारखे.