आईविना पिल्लांची ऊब



आमचे घर विरार पूर्वेला, जीवदानीच्या डोंगरापलीकडे आहे. गेल्या पावसाळ्यात आम्ही खुडूक कोंबडी अकरा अंड्यांवर बसवली. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्ले निघाली. तिसऱ्या दिवशी मुंगसाने कोंबडी मारली. पिल्ले चिवचिव करीत राहिली. ती मी कशी वाढवली आणि माझे काय चुकले, ते सांगते.

मी पिल्ले पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली व वर घरातला दिवा टांगला. लख्ख उजेड पडला. सकाळी पाहते तो काय, दोन पिल्ले कोपऱ्यात मरून पडलेली! मला रडू आले. आजी म्हणाली, "अगं, उजेड घेऊन ती काय करतील? त्यांना ऊब पायजे!" दिवा एल.ई.डी. होता. त्याने उजेड पडतो, पण ऊब फारशी मिळत नाही. थंडीने पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढली आणि खालची गुदमरली.

कोंबडीचे अंग आपल्यापेक्षा गरम, सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. पिल्लांना मात्र पिसे नसतात, नुसती लव असते. त्यांना स्वतःची ऊब टिकवता येत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात त्यांच्याजवळ सुमारे ३५ अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करायची.

मग आम्ही असे केले. बांबूची तट्टी वाकवून गोल कडे केले. गोलाला कोपराच नाही, मग पिल्ले अडकणार कुठे? खाली दोन इंच भाताचे कोरडे तूस पसरले. बाबांनी तारेचा जुना साठ वॉटचा बल्ब तुसापासून दीड वीत वर पक्का बांधला. बल्ब तुसात पडला तर आग लागते, म्हणून हे काम मोठ्यांकडूनच करून घ्या. वर तारेची जाळी टाकून कडेला दगड ठेवले. त्यामुळे मांजर, घूस, कावळा यांची भीती राहिली नाही आणि हवाही खेळती राहिली.

आमच्याकडे तापमापक नव्हता. पिल्लेच तापमापक! ती बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजते, बल्ब खाली घ्या. कडेला जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकू लागली तर उकडते, बल्ब वर घ्या. सगळीकडे पसरून टिपत राहिली तर ऊब बरोबर आहे.

पाणी उथळ ताटलीत ठेवावे व त्यात गारगोट्या घालाव्यात, म्हणजे पिल्लू बुडत नाही. खायला आधी मक्याचा बारीक भरडा, नंतर पिल्लांचे तयार खाद्य द्यावे. तूस ओले झाले की लगेच बदलावे. ओलीत रक्ती हगवण पसरते.

एका रात्री धो धो पाऊस पडला आणि वीज गेली. आजीने स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरले, ती गोणपाटात गुंडाळली आणि मधे ठेवली. पिल्ले तिला बिलगून बसली. पाणी निवले की आम्ही पुन्हा भरायचो. पहाटेपर्यंत एकही पिल्लू दगावले नाही.

सातव्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यातून मानमोडीची लस आणली. ती पिल्लाच्या डोळ्यात थेंबभर टाकतात. लस बर्फात ठेवून आणावी लागते. एका कुपीत पुष्कळ पिल्लांची लस असते, म्हणून शेजाऱ्यांनाही बोलावले व सर्वांच्या पिल्लांना एकाच दिवशी लस दिली.

चार आठवड्यांत पिसे फुटली आणि बल्ब बंद केला. सातही पिल्ले वाढली. त्यातली एक तलंग आता स्वतःच खुडूक बसली आहे. या वेळी तिला घरात, डाल्याखाली बसवले आहे. मुंगसाला अंगण मोकळे!

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सहावी