तेहतीस हजार घनफूट आग

जादूगार बोट रोखतो, बोटाच्या टोकापासून उजेडाची रेघ सुटते आणि पलीकडे तिचा आगीचा लोळ होतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातला हा ‘फायरबॉल’ मंत्र. त्याच्याबद्दल १९७८ च्या नियमपुस्तकात एक अफलातून तपशील आहे: आग जागेचा आकार घेते आणि तिचं घनफळ साधारण ३३,००० घनफूट भरतं. वीस फूट त्रिज्येच्या गोलाचं सूत्र मांडून बघा, ३३,५०० च्या आसपास उत्तर येतं. म्हणजे पुस्तकाचे लेखक गॅरी गायगॅक्स यांनी हिशेब केला होता. आता हीच आग दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच भुयारात सोडली तर? भागाकार करा. ३३० फूट भुयार आगीने भरणार, आणि मंत्र म्हणणारा बेसावध असला तर त्याच्यासकट.

परीकथेतल्या आगीचं घनफळ काढावं असं कुणाला का वाटलं असेल? कारण हा खेळ युद्धखेळांच्या पोटातून आला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावात गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ हा शिशाच्या सैनिकांचा खेळ १९७१ मध्ये काढला. पुढे १९७४ मध्ये गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची तीन पातळ पुस्तिकांची पेटी विकायला आणली. त्यात सोंगट्यांच्या पटाला पर्याय होता: चारपाच जण बोलून गोष्ट रचतात, एक जण ‘डंजन मास्टर’ होऊन जग सांभाळतो आणि शंका आली की फासे टाकतात. त्या पुस्तिका मात्र इतक्या गुंतागुंतीच्या होत्या की तीन वर्षांनी जे. एरिक होम्स या मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापकाने नवख्यांसाठी त्यांची सोपी आवृत्ती तयार केली.

खरी गंमत भाषेत आहे. बुद्धिबळाचे नियम खेळाडूविषयी बोलतात; घोड्याला ते काही सांगत नाहीत. इथे मात्र, निदान नव्या आवृत्त्यांत, मंत्राचं वर्णन सरळ ‘तू’ म्हणून सुरू होतं आणि हा ‘तू’ एकाच वेळी दोघं असतो: बोट रोखणारा जादूगार आणि समोर बशीतले वेफर्स खात बसलेला माणूस. पहिल्या वाक्यात आग फुलते, दुसऱ्यात आठ सहाबाजू फासे टाकायचे असतात. आधीचं वाक्य कादंबरीतलं, पुढचं सरकारी अधिसूचनेतलं, आणि मध्ये परिच्छेदसुद्धा बदलत नाही.

मंत्राच्या सामग्रीतही गायगॅक्स यांचा खट्याळपणा दिसतो. फायरबॉलसाठी वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतं. विष्ठेत नायट्रेट असतं, म्हणजे ही जवळजवळ बंदुकीची दारूच झाली! विजेच्या मंत्राला प्राण्याची फर आणि काचेची कांडी. घासून बघा, वीज तयार होते. शाळेतला प्रयोग जादूच्या वेशात.

पण आग लागली की प्रश्न सुरू होतात. तिच्यात सापडलेल्याचे कपडे पेटतील का? पाठीवरची वही, बाटलीतलं औषध? १९७९ च्या मार्गदर्शक पुस्तकात यासाठी आख्खं कोष्टक होतं: कातडं, काच, कागद अशा प्रत्येक वस्तूसाठी वेगळा फासा. लढाईपेक्षा सामानाची पाहणीच जास्त वेळ चालायची. २०१४ च्या आवृत्तीत असं कोष्टक नाही. अंगावर नसलेल्या आणि हातात नसलेल्या ज्वलनशील वस्तू पेटतात, एवढंच तिथे म्हटलंय. एका छोट्या अटीने तासभराची कटकट वाचली. मला हे कवितेच्या संपादनाइतकं अवघड काम वाटतं.

त्याच आवृत्तीने ठरवलं होतं की नियम रोजच्या भाषेत लिहायचे. २००८ च्या आवृत्तीतल्या चौकटी आणि ठरीव शब्दांमुळे अनेकांना खेळ कोरडा वाटला होता. पण रोजची भाषा ढिली असते. अदृश्यतेच्या नियमात दोन कलमं होती: एक, असा प्राणी दिसत नाही; दोन, त्याच्यावरचा हल्ला अडखळतो. आता ‘अदृश्य दिसो’ असा मंत्र म्हटला तर? पहिलं कलम निकालात निघतं. दुसरं मात्र शब्दशः उभंच राहतं, कारण ‘दिसत नसेल तर’ अशी अटच तिथे नव्हती. समोरचा स्वच्छ दिसतोय, तरी वार अडखळतो! हा अर्थ बरोबर असल्याचं मुख्य नियमकर्त्यांनीही सांगितलं. २०२४ च्या आवृत्तीत ती अट अखेर घालण्यात आली.

दोन नियम भिडले तर विशेष नियम सामान्य नियमाला मागे सारतो, असं ही पुस्तकं आधीच सांगून ठेवतात. संस्कृत व्याकरणात उत्सर्ग आणि अपवाद यांचं नातं शिकलेल्या माणसाला हे लगेच कळेल.

काही खेळाडू मात्र शब्दाचा कीस काढण्यात पटाईत. हजारो शेतकरी रांगेत उभे करायचे. प्रत्येकाने आधीच तयारीत राहून भाला पुढच्याच्या हातात द्यायचा. खेळातली एक फेरी सहा सेकंदांची, आणि शब्दशः वाचलं तर त्या एका फेरीत भाला मैलोगणती जाऊ शकतो. इथवर नियम! मग खेळाडू वहीत भौतिकशास्त्र काढतो आणि म्हणतो, एवढ्या वेगाने आलेला भाला ड्रॅगनचा चुराडा करेल. नियम सोयीचा होता तोवर नियम, पुढे न्यूटन. २०२४ च्या डंजन मास्टरच्या पुस्तकाने या रांगेचीच दखल घेऊन बजावलं आहे की नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे. भाला कितीही हातांतून आला तरी शेवटच्या शेतकऱ्याने फेकल्यावर इजा तीच: एक सहाबाजू फासा, आणि त्याच्या दंडात ताकद असेल तर वर थोडी भर.